उकाड्याचं निमित्त

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, कुठलीही गोष्ट आधी उलटी करून बघायचे. ताटात भाकरी पडली की उलटी, नवी साडी आणली की पदर उलटा, टपालाने कार्ड आलं तर आधी पत्त्याची बाजू. सुरतेच्या लूम कारखान्यात उभा जन्म कापड तपासण्यात गेलेला माणूस! सुटलेला धागा डोळ्यांआधी बोटांना कळायचा. "वरून बठ्ठं गुळगुळीतच ऱ्हास, माय," ते अहिराणीत म्हणायचे, "उलटं करीसन देखनं पडस." म्हणजे वरून सगळं गुळगुळीतच असतं, उलटून बघावं लागतं.

मी नाशिककडची. लग्न होऊन सुरतेतल्या डिंडोलीच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा या संशयाने माझं डोकं उठायचं. चहा दिला की विचारणार, "साखर कोणी टाकली?" आता सासूबाई जाऊन वर्षं झालेली, घरात बाई मी एकटी. साखर काय शेजारीण येऊन टाकणार? पण मला ताप आला तेव्हा औषधाची बाटली उलटीसुलटी करून, दुकानदाराकडे दोनदा जाऊन खात्री करून आणणारेही तेच. हळूहळू मला त्या संशयाची सवय झाली. खरं सांगायचं तर लळाच लागला.

संशय नव्हता तो एकाच माणसावर, त्यांच्या थोरल्या भावावर. दादा अमळनेरजवळ गावी राहायचे. दरवर्षी थंडी पडली की भरताची हिरवी वांगी पिशवीत घालून आमच्याकडे यायचे. दोघे म्हातारे ओट्यावर एका शालीत बसून आईवडिलांच्या गोष्टी काढायचे, मेलेल्या बैलांचीसुद्धा नावं आठवायचे. ती वांगी मात्र नाना न तपासता माझ्या हातात द्यायचे.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. डिसेंबर अर्धा संपला तरी पंखा चालू, गोधड्या पेटीतच. नाना ओट्यावर बसून आभाळाकडे असे बघायचे, जसं काही तेही कोणी फसवून विकलंय. "हा हिवाळा नाही. आणि दादाचं पत्र का नाही?" मी म्हणायचे, "थंडी पडली की येतील ना."

एका दुपारी हे अवेळी घरी आले. शेजारच्या हंसाबेनकडे गावाहून फोन आला होता. मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाले, "दादा गेले. नानांना सांगायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले ठाऊक आहे ना? त्यांचं हृदय हा धक्का सोसणार नाही." नानांना 'सचिनच्या कारखान्यात मशीन बसवायची आहे, चार दिवस मुक्काम' असं सांगून हे थेट स्टेशनवर गेले. सचिन गाव तर सुरतेला लागूनच. नाना म्हणाले, "सचिन काय परदेशात शे का?"

सुतकाची अंघोळ तर करायलाच हवी. मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि बाहेर आले, तर समोर नाना.

"दुपारी डोक्यावरून अंघोळ?"

"किती उकडतंय, नाना!"

त्यांनी माझ्या ओल्या केसांकडे बघितलं, मग पंख्याकडे. "उकडतंय खरं," म्हणाले. बाई गं, उन्हाचे एवढे उपकार मी कधी मानले नव्हते. सुतकात फोडणीचं करत नाहीत, तरी त्यांना शंका नको म्हणून वर झणझणीत शेवभाजीही केली.

पण मग मलाच त्यांचा संशय यायला लागला. हा माणूस काहीच का विचारत नाही? चहा न बघता पितात, भाकरी उलटी करत नाहीत. ओळखलंय की काय? मी त्यांच्यावर नजर ठेवायची, ते माझ्यावर. दोघंही चोर.

आणि देव्हारा! सुतकात देवाला हात लावायचा नाही. पण दिवा लावला नाही तर नाना क्षणात ओळखणार. पहिल्या संध्याकाळी देवाची माफी मागून लावला. दुसऱ्या दिवशी काडी ओढली आणि मागून आवाज आला.

"सुतकात दिवा लावत नाहीत, माय."

काडी बोटापर्यंत जळत आली तरी मला कळलं नाही.

"मना भाऊ गया का?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून हवं होतं.

"गेले, नाना. काल."

ते खाली बसले. "तुझे केस बघितले तेव्हाच कळलं. वाटलं, कोणी तरी सांगेल. कालपासून वाट पाहिली." मग थांबून म्हणाले, "काल तू शेवभाजी वाढलीस. ओळखलं होतं तरी दोनदा मागून घेतली. मला वाटलं, मी जेवलो तर कदाचित खोटं ठरेल. तिकडे दादाला उचलत होते आणि मी इथे रस्सा भुरकत होतो. त्याचं तोंड तरी बघू द्यायचं होतं गं."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मोरीत त्यांना पाटावर बसवलं आणि मीच त्यांच्या डोक्यावर तांब्याने पाणी घातलं. ते लहान मुलासारखे हमसून रडले. त्यांच्या हृदयाला काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी मी त्यांना घेऊन भुसावळच्या गाडीत बसले. दहाव्याला त्यांनी मुंडण केलं. मुलाला ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच यांना जास्त लागलं.

त्यानंतर नाना दोनच वर्षं होते. गेले तेव्हा त्यांची एकच बहीण उरली होती, नंदुरबारच्या आत्याबाई. वय झालेलं, दमा. जमलेले सगळे म्हणाले, "त्यांना आत्ता नको सांगायला. सोसणार नाही." मी कोणाला विचारलं नाही. हंसाबेनकडे जाऊन फोन लावला. "आत्याबाई, नाना गेले."

पलीकडून धाप ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "थांबा. मी निघते."

आम्ही थांबलो. माणसं कुरकुरली, ऊन चढलं, तरी मी तिरडी उचलू दिली नाही.