अण्णांच्या सात खिडक्या

अण्णा रोज सकाळी चूळ भरली की ओला अंगठा खिडकीबाहेर काढत आणि वारा कोणत्या अंगाने येतो ते वहीत लिहून ठेवत. आमच्या गावात वारा सगळ्यांनाच लागायचा, पण त्याची नोंद ठेवणारा माणूस एकच.

तालुक्याच्या कचेरीत ते अव्वल कारकून होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद लिहून, पेन्शन घेऊन, ते सोनईजवळच्या आमच्या गावात राहायला आले. लढाईचे दिवस होते, पत्रा परमिटवर मिळे. अण्णांनी परमिट आणलं आणि गावातलं पहिलं पत्र्याचं घर बांधलं. आम्हा शेतकऱ्यांची घरं धाब्याची. वर हातभर माती आणि भिंतीत तळहाताएवढा झरोका. अण्णांच्या घराला मात्र सात खिडक्या होत्या, पुरुषभर उंचीच्या, गज लावलेल्या. लोक पाहायला यायचे. फक्त एक गोष्ट राहून गेली होती, खिडक्यांना दारं नव्हती. कोणती लावावीत हे अण्णांचं ठरलं नव्हतं, म्हणून तिथे तात्पुरतं तरट टांगलं होतं.

पहिल्याच वैशाखात वादळ आलं. वारा सातही खिडक्यांतून आत शिरला आणि बाहेर पडायला वाट मिळेना म्हणून छताने निघाला. दोन पत्रे आमच्या उकिरड्यावर येऊन पडले. पाऊस थेट कोठीच्या खोलीत उतरला आणि अण्णांच्या पत्नीने, म्हणजे माईंनी, वर्षाच्या करून ठेवलेल्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. माईंनी चार दिवसांनी गाडी जुंपायला सांगितली आणि खर्ड्याला भावाकडे निघाल्या. "खिडक्यांना दारं लागली की कळवा," एवढंच म्हणाल्या. चेष्टेतलं त्यांच्या आवाजात काही नव्हतं.

अण्णांनी त्याच संध्याकाळी फाईल उघडली.

इथे माझा संबंध येतो. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. माझ्याआधी आमच्याकडे सही म्हणजे अंगठा. हे सांगायला मी तेव्हाही लाजत नव्हतो आणि आताही लाजत नाही. गाव मला 'बीए' म्हणूनच हाक मारी. अण्णांनी माझं लेखी मत मागवलं. कॉलेजच्या वसतिगृहात लोखंडी चौकटीची काचेची तावदानं होती, म्हणून मी दोन पानं भरून काचेची शिफारस केली. वडिलांना वाचून दाखवली. ते बैलाला पेंड चारत होते. म्हणाले, "वावटळीत धोंडं उडत्यात. तुझी काच काय करनार, पदवी दाखवनार?"

अण्णांनी मत फाईलला लावलं. त्यात आधीच तिरप्या पट्ट्यांच्या झिलमिलीचं एक चित्र होतं, पत्र्याच्या झडपेचा एक नकाशा होता आणि समुद्रावरच्या तुफानाचं वर्तमानपत्रातलं एक कात्रण होतं. आमच्या गावातून समुद्र गाठायचा तर मध्ये अख्खा सह्याद्री. मी तसं म्हणालो. अण्णा चष्म्यावरून पाहत म्हणाले, "घाईत घेतलेला निर्णय म्हणजे अपिलाला आमंत्रण."

ते माईंना कार्डं टाकत. 'झिलमिली बऱ्या की झडपा? सकारण कळवणे.' उत्तर येई, 'ज्या लागतील त्या.' अण्णा तेही फाईलला लावत आणि कडेला शेरा मारत, 'मत संदिग्ध.'

गावचा सुतार गेनू. वर्षाच्या बलुत्यावर तो सगळ्या गावाची अवजारं करी, आणि पाडवा झाला की पेरणीच्या पाभरी सोडून कशालाही हात लावत नसे. अण्णांच्या खिडक्यांच्या चौकटीही त्यानेच बसवलेल्या. तो म्हणाला, "अण्णा, बाभळीच्या फळ्यांची कवाडं करतो. आतनं अडसर. वारा गपगुमान पुढं जातो. पन पाडव्याच्या आत सांगा. येकदा पाभरीला बसलो की तुमी लाटसाहेब आनला तरी उठायचो न्हाई."

"नमुना सादर कर," अण्णा म्हणाले.

गेनूने हातभर नमुना आणून दिला. अण्णांनी त्यावर अकरा शंका काढल्या. माघ असाच गेला.

होळीच्या सुमारास गेनू एक कार्ड घेऊन माझ्याकडे आला. "बीए, वाचा. टपालवाला म्हनतो माझ्या नावाचं हाय." कार्ड माईंचं होतं. 'गेनू, साध्या फळ्यांची सात कवाडं कर. यांना विचारू नकोस, विचारलंस तर उत्तर येईल. करून ठेव. वारा सुटला की लाव.'

काचेची दोन पानं लिहिणाऱ्या माणसाला ते कार्ड मोठ्याने वाचावं लागलं. मी वाचलं, आणि गप्प राहायचंही कबूल केलं.

पाडव्याआधी सातही कवाडं तयार झाली आणि गेनूच्या छपरात एकावर एक पडून राहिली. पाभरी घेऊन येणारे शेतकरी त्यांच्यावर बसून तंबाखू मळू लागले. चैत्राच्या मध्याला अण्णाही फाईल घेऊन आले आणि त्याच ढिगावर बसले. झिलमिलीचे फायदे त्यांनी तासभर समजावून सांगितले. गेनू पाभरीच्या आडव्या लाकडाला, दिंडाला, भोक पाडत होता. मान वर न करता म्हणाला, "पाडवा झाला, अण्णा."

"मुद्दा अंतिम टप्प्यात आहे."

"असू द्या. बसायला बरं वाटतंय का?"

"फळ्या चांगल्या रंधल्या आहेत," अण्णा हाताने चाचपत म्हणाले. "कुणाच्या?"

"हायेत येका बाईच्या."

भोवतीचे लोक तंबाखूत तोंड लपवून हसले. मीही हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं. उठताना अण्णांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "या वैशाखात पत्रे गेले, तर ती कायमचीच तिकडे राहील. नाही का?" फाईल त्यांनी छातीशी धरली होती.

वैशाखात एके दुपारी पश्चिमेला आभाळ तांबडं झालं आणि धुळीची भिंत उठली. गेनूने पाभर सोडली. त्याला पाडव्यानंतर पाभर सोडताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं. त्याने, मी आणि वडिलांनी कवाडं डोक्यावर घेतली आणि धावलो. अण्णा दारात उभे होते. "हे काय? मंजुरी कुणाची?"

"वाऱ्याची," गेनू म्हणाला आणि आत शिरला.

चौकटींना अडसराची भोकं त्याने घर बांधतानाच ठेवली होती. फळ्या टेकवायच्या, अडसर सरकवायचा. सहा खिडक्या लागल्या. सातवी अण्णांच्या टेबलाजवळची. तिथे वारा पोचला होता, वर पत्रा फडफडत होता. फळ्या मी एकटा रेटत होतो आणि त्या मलाच आत ढकलत होत्या. मी ओरडलो, "अण्णा, हात लावा."

अण्णांच्या दोन्ही हातांत फाईल होती. त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं, हातातल्या फाईलकडे पाहिलं. मग ती सोडून दिली आणि फळ्यांना पाठ लावून उभे राहिले. कागद आमच्या डोळ्यांदेखत उघड्या दारातून एकेक करून गेले, झिलमिली, तुफान, अकरा शंका. गेनूने अडसर सरकवला. बाहेर अर्धा तास गाव उलटंपालटं होत होतं. आमच्या डोक्यावरचा एकही पत्रा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी बाभळींच्या काट्यांवरून कागद वेचून आणले. वडिलांनी एक माझ्यापुढे धरला. "हे काचंचं तुझंच न्हवं?"

आठवड्याने माई आल्या. सातही कवाडं बोटाच्या पेराने वाजवून पाहिली, "बरी आहेत" म्हणाल्या, आणि पदर खोचून कुरडयांसाठी गहू भिजत घातले.

पुढे मी नोकरीला नगरला गेलो. अण्णा वारल्यावर माईंना भेटायला आलो, तेव्हा वैशाखच होता. वारा सुटला म्हणून सातवं कवाड लावायला उठलो. आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, अण्णांच्या वळणदार अक्षरात शाईने लिहिलेलं होतं, 'तात्पुरती व्यवस्था. कायम निर्णय विचाराधीन.' खाली सही.

"दर दिवाळीला मी कवाडांना तेल लावते," माई म्हणाल्या. "तेवढा कोपरा सोडून."

मी अडसर सरकवला.