पोर कोठे शे?

“पोर कोठे शे?”

दारात एखादी बाई धापा टाकत येऊन उभी राहिली की नानांचा पहिला प्रश्न हाच. काय झालं, कसं झालं, कुणाचं मूल, ही चौकशी नंतर. आधी पोर कुठे आहे ते सांगायचं. आणि विचारता विचारता त्यांचा उजवा हात वर गेलेला असायचा, भिंतीवरच्या विजेच्या मोठ्या खटक्याकडे.

तो खटका आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या खात्याचा. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. तळमजल्यावर माग, वर आमच्या खोल्या. मी लग्न होऊन जालन्याकडून इथे आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी काही या आवाजात जगत नाही. हंड्यातलं पाणी दिवसभर थरथरायचं. देवाच्या फोटोपुढे ठेवलेलं फूल आपोआप सरकत सरकत कडेला यायचं. पुढे इतकी सवय झाली, की माहेरी गेले तर झोप येईना. आई म्हणाली, “काय गं, तिकडं काय अंगाई लावून झोपवतात काय तुला?” लावतच होते म्हणायचं.

नाना त्या खात्यातले सगळ्यात जुने कारीगर. खानदेशातले, दोंडाईचाकडचे. बायको, दोन मुलगे गावाकडे. अंगाने काटकुळे, आणि भुवयांवर कायम कापसाच्या तंतूंचा पांढरा थर. दुपारी खात्याच्या झरोक्यातून ऊन आत यायचं, तेव्हा हवेत ते तंतू तरंगत असायचे आणि त्यात नाना या मागाकडून त्या मागाकडे असे फिरायचे, की जमिनीला पाय लागतात की नाही अशी शंका यावी. एक कान पूर्ण गेलेला, दुसरा त्याच वाटेवर. त्यामुळे घरात बोलले तरी गल्लीला ऐकू जायचं. गुपित सांगण्यासारखा माणूस नव्हता तो.

आता तुम्ही म्हणाल, मागाच्या कारागिराचा आणि पोरांच्या आजारपणाचा संबंध काय. सांगते.

मी यायच्या आधी गल्लीतल्या एका पोराच्या अंगावर चहाचं आधण सांडलं होतं. त्याची आई ओरडत दारोदार फिरली. भिंतीपलीकडे माणसंच माणसं होती, पण मागांच्या आवाजात कुणाला काही ऐकूच गेलं नाही. गाडी बोलवायची तर फोन लांब, पर्वत पाटिया नावाच्या भागातल्या मोठ्या रस्त्यावर, आणि गाडीवाल्याला पत्ता काय सांगणार? आमच्या गल्लीला नाव नव्हतं. मोठा दवाखाना पार रुळांपलीकडे. पोर वाचलं, पण उशीर झाला तो झालाच. त्याचा हात कोपरात आखडला तो तसाच राहिला.

तेव्हापासून नानांनी रीत पाडली. मूल दगावेल असं काही झालं, की आईने ओरडायचं नाही. ओरडून उपयोगच नव्हता. खात्याच्या दारात यायचं आणि दोन्ही हात दुमडून, बाळ कुशीत घेतल्यासारखे झुलवायचे. नाना कुठेही असोत, त्यांची नजर दाराकडे असायची. ते खटका खाली ओढायचे आणि सगळे माग एकदम गप्प.

ती शांतता तुम्हाला कशी सांगू? खातं थांबलं की आधी काही क्षण कानात काहीच नसायचं. मग हळूहळू एकेक गोष्ट उगवायची. कुणाच्या तरी स्टोव्हचा आवाज, कावळा, नळाचं ठिबकणं. आणि मग गल्लीतली सगळी तान्ही पोरं एकदम रडायला लागायची, कारण ती मागांच्या आवाजावरच झोपलेली असायची. तेवढ्यात माणसं बाहेर आलेली असायची. बायका वाटेतल्या खाटा, बादल्या, वाळत घातलेल्या साड्या ओढून घ्यायच्या. कापडाचे ताके, आपले तागे, वाहणारा रमेशभाई टेम्पो सुरू करायचा. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. मूल ताक्यांवर झोपवायचं, नाना मागे चढून बसायचे आणि टेम्पो निघायचा. आई रडत असली तर नाना एवढंच म्हणायचे, “मी शे ना, माय.”

शेठला अर्थातच हे पटत नसे. असा एकदम खटका ओढला की मागावरचे धागे तुटायचे, कापडावर आडवा पट्टा पडायचा. तो कपाळाला हात लावून म्हणायचा, “काका, कापड बगडे छे.” नाना तितक्याच शांतपणे त्याच्याच भाषेत सांगायचे, “शेठ, कापड तो फरी वणाशे.” कापड पुन्हा विणता येईल.  शेठही लेकुरवाळा होता. पुटपुटत गल्ल्यावर जाऊन बसायचा.

एकदा तर गंमतच झाली. तिसऱ्या दारातल्या पोराने नाकात हरभरा घातला. आईने घाबरून दारात हात झुलवले, खातं थांबलं, गल्ली मोकळी झाली, टेम्पो सुरू झाला, नाना पोराला घेऊन चढले, आणि पोर शिंकलं. हरभरा बाहेर. सगळे हसून हसून बेजार. मलाही राहवलं नाही, म्हटलं, “नाना, आता उसळ करू का त्याची?” ते हसले नाहीत. हरभरा उचलून नीट पाहिला, पोराच्या नाकाला बोट लावून पाहिलं आणि परत खात्यात जाऊन तुटलेले धागे जोडत बसले. त्या पोराच्या आईला मात्र जाता जाता सांगून गेले, “लाजू नको, माय. पुन्हा बी येजो.”

गल्लीतल्या पोरांनी तर त्याचा खेळच केला होता. एकाने हात झुलवायचे आणि बाकीच्यांनी होते तिथे पुतळ्यासारखं थांबायचं. माझी मुलगी नीट चालायच्या आधी हात झुलवायला शिकली. नाना दिसले की करायची. आणि नाना, हातात काहीही असो, तिच्यासाठी पुतळा व्हायचे.

मग ते साथीचे दिवस आले. शहरात कसला तरी ताप पसरला आणि माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. गल्ली अर्धी रिकामी झाली. शेठ किल्ली नानांकडे देऊन सौराष्ट्रात निघून गेला. खाती बंद पडली. आमचं एकच नाही, सगळीच. शहर इतकं शांत झालं, की आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वप्नात राहायला आलोय असं वाटायचं. हंड्यातलं पाणी स्थिर. फूल ठेवलं तिथेच. तान्ही पोरं रात्रंदिवस किरकिरायची, आणि त्यांना झोप का येत नाही हे आम्हा सगळ्या आयांना कळत होतं. जे राहिले होते ते तोंडाला फडकी बांधून दारं लावून बसले होते.

माझे यजमान हायवेवर, कामरेजला गेले होते, गावाकडे जाणारा एखादा ट्रक मिळतो का बघायला. भर दुपारी मुलीला ताप चढला. कपाळावर ओलं फडकं ठेवतेय तोवर तिचे डोळे फिरले आणि अंग झटके द्यायला लागलं. मी तिला उचललं आणि शेजारचं दार ठोठावलं. आतून आवाज आला, “काय झालं?” मी म्हटलं, “ताप.” दार उघडलं नाही. दुसरंही उघडलं नाही. मी त्यांना आजही दोष देत नाही. त्या दिवसांत ताप हा शब्द असा होता, की मीसुद्धा कदाचित कडी काढली नसती.

जिना कसा उतरले आठवत नाही. नाना खात्याच्या दारात राखण करत बसले होते. शेजारी चिटपाखरू नाही, माग बंद, मोठ्याने सांगितलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं असतं. पण मला सुचली ती तीच जुनी खूण. पोर कुशीत होतीच. मी तिला झुलवलं.

नाना उठले. “पोर कोठे शे?” असं तोंडाने म्हणाले, समोर दिसत असूनही. आणि हात सवयीने खटक्याकडे गेला.

खटका आधीच खाली होता.

त्यांचा हात तिथेच राहिला.  संपलं, असं वाटलं. बंद खातं आणखी बंद कसं करणार? टेम्पो वीस पावलांवर उभा होता आणि रमेशभाई बंद दाराआड. आमच्याकडे हाका मारायची एकच रीत होती, आणि सगळं शहरच गप्प बसल्यावर ती कुणाला ऐकू जाणार?

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग खटका वर ढकलला. धावत जाऊन एक माग चालू केला, मग दुसरा, मग तिसरा. मागावर अर्धवट विणलेलं कापड तसंच होतं, त्यावर धूळ होती. धोटे पळायला लागले, जमीन थरथरली, तंतू उडाले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझी पोर मरतेय आणि हे कापड विणतायत.

पण वरच्या खिडक्या उघडल्या. इतक्या दिवसांनी माग वाजले होते. माणसं खुळ्यासारखी बाहेर डोकावली, कुणाच्या तर चेहऱ्यावर चक्क आनंद होता. रमेशभाईही गॅलरीत आला. खातं चालू झालं का, असं हाताने विचारत होता.

आणि नानांनी खटका खाली ओढला.

ती शांतता पुन्हा पडली. आधीची नव्हे, आमची. अंगवळणी पडलेली. तान्ही पोरं रडायला लागली. मग एका बाईने खाली येऊन वाटेतली खाट ओढली. तीच, जिने दार उघडलं नव्हतं. भीती गेली असेल असं नाही. पण पाय आधी निघाले आणि भीती मागून आली. रमेशभाईच्या बायकोने त्याची बाही धरली होती. मग तिनेच त्याच्या तोंडाला रुमाल बांधला. टेम्पो सुरू झाला.

ताके नव्हते, म्हणून नानांनी मागावरचं ते अर्धवट कापड कापून टेम्पोत अंथरलं. मुलीला त्यावर कुशीवर निजवलं आणि वाटभर तिच्या अंगावर हात ठेवून बसले. रिकाम्या रस्त्यावरून टेम्पो जात होता, पूल गेला, रूळ गेले, दुकानंच दुकानं बंद. मी नानांच्या भुवयांवरचे तंतू बघत होते. दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

दवाखान्यात तिला सुई दिली, झटके थांबले. डोक्यात गेलेला ताप, साथीचा नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा वेळ गेला असता तर, असं ते सुरू करत होते, पण नानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि मोठमोठ्याने रडले. त्यांना धड ऐकू येत नव्हतं ना, त्यामुळे आपण किती मोठ्याने रडतोय हे त्यांना कळलंच नसावं.

पुढे काही वर्षांनी शेठने माग भंगारात काढले, खात्याच्या जागी कापडाचं गोदाम झालं. नानांचा दुसरा कानही गेला. मुलग्यांनी गावाकडे बोलावून घेतलं. नंतर ते सुरतेला परत आले नाहीत, आणि एके दिवशी रमेशभाईने ते वारल्याचं सांगितलं. पण मला ते दिसतात ते गाडीतलेच.

ते कायमचे गावाकडे निघाले, तेव्हा आम्ही मायलेकी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो होतो. भुसावळकडची पॅसेंजर. नाना खिडकीशी बसलेले, मांडीवर पिशवी. मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती, ती पुन्हा या म्हणून ओरडत होती, “नाना, आवजो, आवजो!” त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मग तिने दप्तर माझ्या हातात दिलं, दोन्ही हात दुमडले आणि झुलवले.

नाना ताडकन उठले. पिशवी खाली पडली. हात वर गेला, गाडीच्या साखळीकडे, आणि मला वाटलं, ओढतात आता. ओठ हलले. काय विचारत होते ते मला ऐकायची गरज नव्हती.

मुलीने आपल्या छातीवर हात ठेवला.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग हात हळूहळू खाली आला, आणि गाडी सुटली.