डॉक्टरांना मी ‘नाही’ म्हणाले

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. चर्चमध्ये गुडघे टेकले तरी नेमकं हेच वाक्य गिळत आले. आज तुम्हाला सांगतेय.

विनय माझा धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यावर बेलापूरला मीच त्याला वाढवलं, मीच त्याचं लग्न लावलं. लग्नानंतर काही महिन्यांतच तो अंथरुणाला खिळला. ताप नाही, दुखणं नाही—नुसता भिंतीकडे तोंड करून पडायचा. शाळेत शिकवायला जाईना, जेवेना. एकदा म्हणाला, “ताई, मी नसलेलाच बरा.” त्याची बायको एस्तेर आणि मी, आम्ही त्याला नगरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं. मग विचारलं, “याच्या अगदी उलट कधी झालं होतं? झोप नाही तरी थकवा नाही, अखंड बोलणं, मोठमोठे बेत? नीट आठवून सांगा. नुसत्या उदासीचा आजार वेगळा आणि उदासी-उन्माद आलटून पालटून येणारा वेगळा. उदासी दोन्हींत सारखीच दिसते, पण औषध वेगळं असतं; चुकीचं दिलं तर माणूस उन्मादात जाऊ शकतो.”

आठवायचं काय होतं त्यात? लग्नाआधी तो अकोले तालुक्यात शिक्षक होता, तेव्हा त्याची झोपच उडाली होती. भांडीकुंडी गावात वाटून टाकली. डोंगरावर गाण्याची शाळा बांधणार म्हणून भर उन्हात तिथल्या धरणाच्या भिंतीवरून ओरडत सुटला. हेडमास्तरांचा फोन आला आणि मी त्याला जीपमध्ये घालून घरी आणलं. लोकांना सांगितलं—टायफॉईड. विनयलाही तेच पटवलं, की तू तापात बरळत होतास. पुढे लग्न ठरवताना एस्तेरच्या माहेरी तर यातलं काहीच कळू दिलं नाही.

आणि आता एस्तेर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

विनयनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय शोधत होता तो माझ्या तोंडावर?

“नाही,” मी म्हणाले. “असं कधीच नाही.”

त्यानं मान खाली घातली.

उदासीच्या गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी त्यांच्या घरून एस्तेरचा फोन आला. “ताई, आज लई दिवसांनी हसले हे! पहाटंच उठून सगळं अंगण झाडलं.” अकोल्यातही असंच सुरू झालं होतं. पुढच्या फोनला म्हणाली, “झोपतच न्हाईत, पन खूश हायेत. चालतंय ना?” डॉक्टरांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मी काय म्हणाले, सांगू? म्हणाले, “बरा होतोय तो. दृष्ट लावू नकोस.”

त्या रविवारी तिला मोटरसायकलवर मागे बसवून तो भंडारदऱ्याला निघाला. गावातून जातानाच मोठ्यानं गात होता, हात सोडून गाडी चालवत होता. ती “थांबवा, थांबवा” म्हणत होती—शेजाऱ्यांनी ऐकलं. घाटातल्या वळणावर तो गवतात फेकला गेला. ती दगडावर. ती जागीच गेली.

मग डॉक्टरांनी त्याची ती अवस्था स्वतःच्याच डोळ्यांनी पाहिली, औषध बदललं. मला पुन्हा विचारलं, “याआधी कधी?” मी म्हणाले, “पहिल्यांदाच.” तेव्हा तर एस्तेरही शेजारी नव्हती—मग कुणाला घाबरले मी?

आता तो स्थिर आहे. शाळेत जातो, माझ्याकडेच जेवतो. परवा ताटावर बसल्या बसल्या विचारलं त्यानं, “ताई, तिला मीच मारलं ना?”

मी त्याच्या वाटीत आमटी वाढली. “देवाची इच्छा होती,” म्हणाले.

“न्हाई ताई,” तो म्हणाला, “माझीच चूक.” आणि खाली मान घालून जेवू लागला. मी त्याला तसंच जेवू दिलं.