येतो गं

रोज सकाळी हे भाजी आणायला निघाले की दारातून "येतो गं" असं ऐकू यायचं. नोकरीत असताना नुसता दार ओढून घेतल्याचा आवाज यायचा. निवृत्तीनंतर माणूस बदलतो म्हणतात, ते खरंच असावं असं मला वाटलं. मीही पोळ्या लाटता लाटता ओट्याजवळून "या" म्हणायचे, आणि त्या वेळची पोळी जरा जास्तच गोल व्हायची.

परवा कणकेच्या हातानंच बाहेर आले, तर हे वाकून पायपुसण्यावरच्या मांजरीला सांगत होते, "येतो गं मने. उन्हात जाऊ नकोस."

माणसं जनावरांपाशी इतकी मऊ का होतात, ते मला कळतं. तिथं बोललेल्या शब्दाला उलट शब्द येत नाही, जुनं काही उकरून निघत नाही. माझ्यापाशी उलट शब्दांना तोटा नाही. सगळं कळतं. तरी त्या दिवशी दुधावरची साय मी मनीला घातली नाही.

आज ती कुठं दिसेना. हे पिशवी घेऊन दारात घुटमळले. चपला काढून आत आले, पलंगाखाली वाकून बघितलं, पुन्हा चपला घातल्या. शेवटी मला म्हणाले, "ती आली की सांग, मी येतो म्हणून."

"सांगते," म्हटलं.

थोड्या वेळानं मनी खिडकीतून आली आणि पायपुसण्यावर बसून दाराकडे बघत राहिली. निरोप मी माझ्याकडेच ठेवून घेतला.