मिखाएलच्या पायाखालचं डोकं

पापडी गावच्या रॉबर्टने तीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवली. दुकानांच्या पाट्या, स्कूटरच्या नंबरप्लेटा, कबरींवरचे क्रूस. लोकांनी सांगायचं आणि याने काढायचं. अक्षर मात्र असं की नाव ठेवायला जागा नाही. पण स्वतःच्या डोक्यातून कधी काही काढलंस का, असं त्याच्या बायकोने, रिटाने, विचारलं की हा गडी ब्रश धुवायला उठायचा.

अठ्ठ्याण्णव साली आळीतल्या चॅपेलमध्ये मिखाएल महादूताच्या पुतळ्याखालच्या सैतानाचं डोकं फुटलं. महादूत भाला रोवून उभा आणि पायाखालचा अजगररूपी सैतान बिनडोक्याचा. त्यात महादूताचा सण तोंडावर आलेला. फादर निकोलसनी नवं डोकं करायचं काम रॉबर्टवर सोपवलं. त्याने चार डोकी केली आणि चारही मोडली. त्यातलं एक तर शेजाऱ्याच्या भुंकऱ्या कुत्र्यावर गेलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी जेवून त्याचा डोळा लागला. स्वप्नात त्याच्या वाडीतल्या बावखलातून, शिंपणाच्या त्या जुन्या तळ्यातून, एक जनावर वर आलं. तोंड बैलाचं, मानेवर माशाचे खवले, कपाळावर एकच शिंग. त्याने मान लांब केली आणि रॉबर्टच्या तळहातावर हनुवटी टेकवली. डोळे फार दमलेले होते. रॉबर्ट उठला तो तडक प्लास्टर कालवायलाच बसला. डोकं तयार झालं तेव्हा रिटा नुसती बघत राहिली, आणि त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही. रॉबर्टला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

सणाआधी नोव्हेनाच्या प्रार्थनांचे नऊ दिवस पुतळा वेदीवरून उतरवून टेबलावर ठेवतात. लोक रांगेने येतात, महादूताच्या पायाला हात लावतात आणि बोटं ओठांना टेकवतात. आता रॉबर्टने मान स्वप्नातल्यासारखी पुढे काढलेली. ती टेबलाच्या बाहेर आली आणि जो तो हात आधी त्या डोक्यावर पडायला लागला. म्हाताऱ्या बायांना पायापर्यंत पोचायची गरजच वाटेना. इझाबेल आजीने तर बिचारं दमलंय म्हणत त्याच्या मानेवरून हात फिरवला. सहाव्या दिवशी कुणीतरी शिंगात अबोलीचा गजरा अडकवला आणि फादरांच्या सहनशक्तीचा अंत झाला.

त्यांनी रॉबर्टला बोलावून घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही, म्हणून तो जास्तच घाबरला.

"आपली माणसं सैतानाला हात लावून बोटं ओठांना टेकवतायत, रॉबर्ट. डोळे बदल. जमत नसेल तर सांग, सणाच्या आदल्या दिवशी मी करवतीने डोकं उतरवतो."

हा सैतान नाही, स्वप्नात आलेलं जनावर आहे, असं रॉबर्ट कसंबसं बोलला. सैतान स्वप्नात नाही तर कुठे येतो, असं फादरांनी विचारलं.

बातमी आळीभर झाली. रॉबर्टला झपाटलंय, लोक बोलू लागले. निर्मळ गावचं एक गिऱ्हाईक अर्धी रंगवलेली पाटी तशीच उचलून घेऊन गेलं. रिटा म्हणाली, करून टाक, आपल्याला इथेच राहायचंय. तिचं खरं होतं, म्हणूनच त्याला तिचा राग आला. डोळे बदलले तर ते त्याचं जनावर राहणार नव्हतं, न बदलले तर करवत तयार होती.

नोव्हेनाच्या शेवटच्या दुपारी तो लाल रंग घेऊन चॅपेलमध्ये गेला. फादर मागच्या बाकावर बसून होते. त्याने जनावराच्या डोळ्यांवर ब्रश टेकवला. भुवया आवळल्या, बुबुळं लाल झाली, ओठांवर सुळे उमटले. अर्ध्या तासात काम झालं. फादरांनी त्याची पाठ थोपटली.

सणाच्या दिवशी पोरं ते डोकं बघून आयांच्या मागे लपली. सगळे हात मुकाट्याने महादूताच्या पायावर जाऊ लागले. इझाबेल आजीही वळसा घालून गेली.

रॉबर्टचा नंबर आला. शेजारी फादर, मागे अख्खी आळी. त्याने हात महादूताच्या पायापर्यंत नेला, तिथून खाली आणला आणि त्या दोन लाल डोळ्यांच्या मधोमध ठेवला. ठेवला तो काढेना. रांग थांबली. रिटाने डोळे गच्च मिटून घेतले.

"मला माफ कर," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. मग बोटं ओठांना टेकवली आणि फादरांकडे न बघता बाहेर पडला.