पोळ्याच्या सकाळी तलाव मेला

नोकरीत मी खून पाहिले, जळालेल्या बाया पाहिल्या, तिगावजवळ रुळांवरून माणसांचे तुकडे गोळा केले. त्यातले पुष्कळ विसरले. सौसर तहसिलीतल्या एका गावच्या तलावाचे प्रकरण मात्र आजही जसेच्या तसे डोळ्यांपुढे येते. त्यात माणूस मेला नव्हता. माझी चूक झाली होती, म्हणून ते लक्षात राहिले असावे.

माझे शिक्षण पाचवीपर्यंत. नवरा आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, होता, नोकरीत असताना वारला, त्याच्या जागी मला अनुकंपेवर घेतले. प्रधान आरक्षक म्हणून निवृत्त झाले. हे प्रकरण घडले तेव्हा नोकरीचे थोडेच महिने उरले होते. कोणाचे नाव लिहीत नाही. ती माणसे अजून त्याच गावात राहतात.

पोळ्याचा दिवस होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार असते. नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालतात. त्या बंदोबस्ताला जायचे म्हणून दोन दिवस आधीच आजूबाजूची ठाणी रिकामी होतात. टीआय साहेब, म्हणजे आमचे ठाणेदार, गेले, उपनिरीक्षक गेले, धडधाकट पोरे गेली. गुडघ्यांमुळे मला वगळले होते. ठाण्यात मी, रोजनामचा लिहिणारा मुन्शी आणि एक होमगार्ड, एवढेच.

सकाळी कोटवाराचा फोन आला. कोटवार म्हणजे गावचा राखणदार. गावातली बरीवाईट खबर ठाण्याला देणे हे त्याचे काम.

"बाई, तलाव मेला," तो म्हणाला.

"तलाव कसा मरन? नीट सांग."

"साऱ्या मासोळ्या उलट्या पडल्या जी. अन् लोकायनं एकाले बांधून ठेवलं. लवकर या, नाही तं त्याचंही तसंच होईन."

नोंद करायला सांगून मी होमगार्डच्या मोटरसायकलवर मागे बसले.

तलाव लहानच, पंचायतीचा, गावाला लागून. त्यात मासे वाढवण्याचा पट्टा पंचायत देते. पुष्कळ वर्षे तो एकाच माणसाकडे होता. पिढ्यानपिढ्या मासे धरणारे घर, माणूस साठीचा. मागच्या वर्षी पट्टा त्याच्याकडून गेला आणि गावातल्या बायांच्या समूहाला मिळाला. बायांनी माशांचे बी सोडले, ते वाढवले. दिवाळीनंतर पहिली विक्री होणार होती.

काठावर पाहिले तर रोहू, कतला पांढरी पोटे वर करून पडलेले. काठच्या गवतात खेकडे मेलेले होते, जसे कोणी पाण्याबाहेर हाकलले असावेत. बगळे मात्र मेलेले मासे मजेत खात होते आणि त्यांना काही होत नव्हते.

ज्याचा पट्टा गेला तोच माणूस बाभळीला बांधलेला होता. बांधायला कासरा होता तोही नवा, पोळ्यासाठी बैलाला आणलेला. सदरा फाटला होता, ओठ सुजला होता.

बायांच्या समूहाची अध्यक्ष पुढे आली. पन्नाशीची शेतकरीण, आवाज असा की मुन्शीला ठाण्यात ऐकू जावा.

"हाच आहे मॅडम. पट्टा गेला तवा साऱ्यायसमोर बोलला होता, पाहतो तुम्ही मासोळी कशी विकता तं."

"बोललो होतो," तो बांधल्याजागी म्हणाला. "टाकलं नाही काही."

"काल दुपारपासून काठावर काय करून राहिला होता मंग?"

"पाहून राहिलो होतो."

"काय?"

"पाणी."

लोक हसले. एकाने मागून विचारले, "पाणी काय तुझी सोयरीक पाहाले आलं होतं काय रे?"

मी कासरा सोडवला. पाण्याच्या बाटल्या भरल्या, चार मासे बर्फात ठेवले, सील लावले, पंचनामा केला. पंच मिळवायलाच वेळ गेला. सगळ्यांना घरी जाऊन बैल सजवायचे होते. त्या माणसाला ठाण्यात आणले. त्याला चौकशीसाठी आणले तितकेच मारापासून वाचवायलाही आणले.

आता चुकीचे लिहिते. याच्याकडे हेतू होता, चारचौघांत दिलेली धमकी होती आणि तो जागेवर हजर होता. अशी केस ताटात वाढून येते तेव्हा पोलीस खूश होतो. मीही झाले. तक्रारदाराची सही आणि या माणसाचा कबुलीसारखा दिसणारा एखादा शब्द मिळाला असता तर संध्याकाळपर्यंत तो आत गेला असता. घरी बायको आणि तो, दोघेच. गावात परत त्याला कोणी राहू दिले नसते.

माझी विचारायची एक पद्धत होती. तीच गोष्ट तीन वेळा विचारायची, दरवेळी वेगळ्या टोकाकडून. खोटे बोलणारा तीनही वेळा तेच शब्द म्हणतो. खरे बोलणाऱ्याला दरवेळी काहीतरी नवीन आठवते. या माणसाला दरवेळी नवीन आठवत होते. हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

"काल दुपारी गेलो," तो म्हणाला, "तं पाण्यावर पळणारे किडे नव्हते. एकही नव्हता. असं कवाच होत नाही. मंग काठाले झिंगे दिसले, वाकडे होऊन पडले होते. दिवस बुडता बुडता खेकडे वर चढाले लागले. मासोळी तवा धडच होती, नुसती गोल गोल फिरून राहिली होती. सकाळी पाहिलं तं ती बी गेली."

"इतकं तुले कसं माहीत?"

"मले नाही तं कोणाले राहीन जी? जिंदगी त्याच पाण्यात गेली."

"कशानं मेल्या मंग?"

"हे मासोळीचं विष नाही. ते टाकलं तं आधी मासोळी वर येते. इथं आधी किडे गेले. ही किड्यायची दवाई आहे."

"तुझ्या घरी फवारणीची दवाई आहे?"

तो म्हणाला, "आहे. दीड एकर कपाशी आहे ना."

मी ते लिहून घेतले. ज्याला इतके माहीत त्यानेच केले, असे मला वाटले. त्याला एक थापड मारली आणि म्हटले, आता उरलेलेही सांग. त्याच्या बायकोने आणलेला डबा बाहेरच ठेवायला लावला. तो रडला नाही, हात जोडले नाहीत. एवढेच म्हणाला, "बाई, त्या पाण्यात कोणाले उतरू देऊ नका, अन् ते मासे कोणाले खाऊ देऊ नका."

तक्रारदार बाई, म्हणजे समूहाची अध्यक्ष, सही करायला आली नाही. पोळ्याचा स्वयंपाक, बैलांची तयारी. मी दुपारी कागद घेऊन तिच्या घरी गेले.

अंगणात तिची जोडी उभी होती. शिंगे रंगवलेली, खांद्यांवर हळद आणि लोणी, कपाळाला बाशिंग. ती एका बैलाची मान खाजवत होती. सकाळचा आवाज उतरला होता.

"बैल चमकून राहिले तुझे," मी म्हटले.

"मंग," ती म्हणाली. "हे पाहा, कान पाहा." तिने बैलाचा कान उलटून दाखवला. "एक गोचिड नाही. दरसाली आम्ही हातानं वेचतो अन् विस्तवात टाकतो. औंदा लंपीची बिमारी फिरून राहिली ना, म्हणून साऱ्यायनं बाटल्या आणल्या. दुकानदार म्हणे, गोचिड बी जाते अन् माशी बी बसत नाही. काल चोळली अन् धुतले."

"कुठं धुतले?"

"तलावावर. खांदमळणीच्या दिवशी सारं गाव तिथंच धुते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. अंघोळ घालतात, खांदे चोळतात, त्याच्या कानात सांगतात, आज आवतण घे, उद्या जेवाले ये. ते सगळे मला माहीत होते. पण बाटली नवीन होती.

"बाटली दाखव."

तिने गोठ्याच्या कोनाड्यातून काढून दिली. बाटलीला बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद होता. शिकलेली माणसे कागदावरून नजर फिरवतात आणि समजले म्हणतात. मला अक्षर सोडून वाचता येत नाही, म्हणून मला शेवटच्या ओळीपर्यंत जावेच लागते. उन्हात उभी राहून बोट ठेवून वाचले. किती पाण्यात किती औषध, जनावराच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात धुवावेत. सगळ्यात खाली हिंदीत लिहिले होते की हे औषध मासे आणि पाण्यातल्या जिवांना फार विषारी आहे, तलाव-नाल्यात त्याचे पाणी जाऊ देऊ नये.

मी तिला ते वाचून दाखवले.

"पण बैलाले तं काही नाही झालं," ती म्हणाली.

"बैलाले होत नाही. मासोळीले होते."

"एवढुश्या बाटलीनं?"

"तू किती वापरल्या?"

"दोन्ही बैलायच्या दोन. अन् एक गाईची." मग ती पायरीवर बसली. म्हणाली, "अन् उरलं ते डबडं बी तिथंच विसळलं मी."

मी तलावावर, बैल धुतात त्या घाटावर परत गेले. सकाळी माझे डोळे माशांवर होते, काठच्या झुडपांत पाहिलेच नव्हते. होमगार्डने बाटल्या गोळा केल्या तर अर्धे पोते भरले. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बैलाचे शरीर हे औषध लवकर मोडून टाकते, माशाला ते मोडता येत नाही. गोचिड, झिंगे, खेकडे, पाण्यातले किडे हे सगळे एकाच गोतातले, म्हणून ते आधी मरतात. त्या साली पाऊस रखडला होता, तलाव निम्माच होता आणि सांडव्यावरून थेंबही वाहत नव्हता. साऱ्या गावाचे बैल धुतलेले पाणी जागच्या जागी राहिले होते. त्या माणसाने मला सकाळपासून हेच सांगितले होते. फक्त दवाई कोणी ओतली ते त्याला माहीत नव्हते.

त्याच्या घरीही जाऊन आले. फवारणीची बाटली होती, पण तिचे झाकणच उघडलेले नव्हते.

संध्याकाळी पोळा भरला. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या. मी पोते तिथे ओतले आणि काय झाले ते सांगितले. डफडे वाजवणारे थांबले.

एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "म्हणजे बैल धुतले म्हणून आता आमाले आत टाकता का जी?"

"साऱ्या गावाले पुरन एवढी जागा ठाण्यात नाही," मी म्हटले. "बांधला होता त्याचं काय करता, ते बोला."

ज्याचा कासरा होता तो बैलाच्या मागे सरकला. शेवटी समूहाची अध्यक्ष म्हणाली, "मी येते ठाण्यात," आणि जोडी दिराच्या हातात देऊन माझ्याबरोबर निघाली.

ठाण्यात तो बाकावर होता. मी त्याला डबा दिला, त्याने खाल्ला. बाई समोर उभी राहिली.

"तक्रार वापस घेते मी," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही.

"दादा, नवीन बी कवा टाकू?"

तेव्हा त्याने पाहिले. "यंदा टाकू नको. टाकशीन तं मरन. अन् जगलं तं खाईन काय? किडे नाही, झिंगे नाही. आधी ते येऊ दे."

गोटमारीहून टीआय साहेब कपाळाला पट्टी बांधून परतले. कागद पाहून म्हणाले, गुन्हा कोणावर लावायचा, बैलांवर? पंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्रे गेली, मासे गाडले आणि फाइल बंद झाली. तलावाचे तसे बंद झाले नाही. त्या साली गावात डास फार झाले, कारण डासांच्या अळ्या खाणारे पाण्यात काही उरले नव्हते. बगळ्यांची मेजवानी चार दिवसांची, मग तेही दुसरीकडे गेले. खंड्या दिसेनासा झाला. बायांची वर्षभराची मेहनत गेली ती गेलीच.

गावाने त्या माणसाची माफी मागितली नाही. पाण्याची राखण मात्र त्याच्याकडे दिली. पुढच्या खांदमळणीला बैल तलावावर न्यायचे नाहीत, हातपंपावर धुवायचे आणि ते पाणी पडीक रानात सोडायचे, हे त्याने ठरवले आणि लोकांनी कुरकुरत ऐकले.

नोकरीभर मी प्रत्येक प्रकरणात आधी हेच विचारले, की यात फायदा कोणाचा. बहुतेक वेळा त्याने काम भागले. इथे फायदा कोणाचाच नव्हता आणि वैरातूनही कोणी काही केले नव्हते. लोकांनी जिवापाड सांभाळलेल्या जनावराची सेवा केली आणि त्यात दुसरी जनावरे मेली. अशा जागी संशयित शोधत बसलेला पोलीस निरपराध माणसालाच धरतो. आणि ज्याला पुष्कळ माहीत आहे त्याच्याकडे संशयाने पाहण्याआधी त्याचे म्हणणे नीट ऐकावे, हे मला निवृत्तीच्या तोंडाशी कळले.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या गावी गेले. तो काठावर बसला होता. थापड मारली ती चूक झाली, असे मी त्याला म्हटले. त्याने पाण्यावरची नजर काढली नाही.

"मले तं एकच दिवस ठाण्यात बसवलं बाई," तो म्हणाला. "झिंगे आता कुठं दिसाले लागले."