तिसरी हाक

अंजूरच्या कमळबाईंना बारा इंग्रजी शब्द तोंडपाठ होते. अर्थ मात्र एकाचाही ठाऊक नव्हता. शेत विकून त्यावर गोदाम उभे राहिले तेव्हा आलेल्या पैशांतले काही त्यांच्या मुलाने, मनोजने, क्रिप्टो या डिजिटल चलनात घातले आणि त्याची तिजोरी, म्हणजे वॉलेट, उघडायचे ते शब्द आईकडून घोकून घेतले.

"आये, कागद कुणी बी चोरंल, तुझं डोकं कोण चोरणार? मी सोता मागितलं तरी सांगायचं न्हाय. फक्त मनालीला, समोर बसवून."

"मेल्या, तुला पण न्हाय?" बाई तेव्हा पोटभर हसल्या होत्या.

गेल्या वर्षी काविळीने मनोज गेला. त्याच्या लेकीचे, मनालीचे, नर्सिंगचे शिक्षण आता त्या शब्दांवर होते. बाई भाकऱ्या थापताना ते रोज पुटपुटत.

एका तिन्हीसांजेला दिवा लावताना फोन वाजला.

"आये."

मनोजचाच आवाज, तसाच घोगरा. बाईंच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली.

"वॉलेटला धोका हाय. ते शब्द सांग."

तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे सासूने शिकवलेले. माणूस तीनदा हाक मारतो. माणूस नसेल ते एकदाच. बाईंनी ओ दिली नाही. शेवटी न राहवून त्यांनी नको ते केले, पलीकडच्याला रीतच शिकवली.

"माजा मनोज असशील तर तीनदा हाक मार."

पलीकडे श्वाससुद्धा ऐकू येईना. मग आले, "आये. आये. आये."

तिन्ही हाका हुबेहूब सारख्या, मध्ये अंतरही तेवढेच. तरी बाईंनी ओ दिली. पहिला शब्द ओठांवर आला, आणि मनोजचे बोलणे आठवले.

"तूच बोललावतास ना रे," त्या रडत म्हणाल्या, "तू मागितलंस तरी द्यायचं न्हाय."

"आये, शब्द सांग."

"न्हाय, बाळा."

त्यांनी फोन कापला. रडणे ऐकून मनाली आतून धावत आली, तिला बाईंनी सगळे सांगितले.

"आजी, बाबा मोबाइलवर व्हिडिओ टाकायचे ना, वॉलेट चोरांपासून कसं जपायचं त्याचे? शब्द तुझ्या डोक्यात आहेत, हेही सांगायचे त्यात. त्यातूनच कुणीतरी आवाज उचलून मशीनने नकली बनवलाय. आण, नंबर ब्लॉक करते."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजू लागला. बाईंनी तो छातीशी धरला.

"कोण हाय ते कळतंय मला. शब्द देत न्हाय मी. पण थांब गो जरा. अजून एकदा हाक मारू दे त्याला."